राखून ठेवलेले

कफ्र अबू-सुन्त
२० सप्टेंबर १९८४

आदरणीय दसूकी मामांस,

इन्साफचा सलाम. इन्साफ म्हणजे तुमची बहीण हमीदा हिची थोरली मुलगी. तुम्ही मला एकदाच पाहिलंय, आजोबा वारले तेव्हा. आई सांगते की पाळण्यात डोकावून तुम्ही "हीसुद्धा काळीच" एवढंच म्हणालात आणि संध्याकाळच्या गाडीनं कैरोला परत गेलात. तीच मी.

बातमी अशी की बारावीला मला चांगले गुण पडले आणि अलेक्झांड्रियाला कला शाखेत प्रवेश मिळाला. इतिहास घेतलाय. गावातून विद्यापीठात गेलेले तुम्ही पहिले आणि मी दुसरी. तुमच्याबद्दल इथं अजून सांगतात की दसूकी शिकायला गेला तो इतका हुशार निघाला की विद्यापीठानं त्याला सोडलंच नाही, तिथंच अधिकारी करून ठेवलं. आमच्या घरात मात्र आधी कोणीच शिकलेलं नाही. आबा न्हावी आहेत, त्यांना नाव लिहिता येत नाही. आई अंगठा उठवते.

म्हणून तुम्हाला विचारते. पुस्तकात नसतं ते सांगा. कुठं उभं राहायचं, कुणाला काय म्हणायचं, काय विचारलं तर हसतात आणि काय नाही विचारलं तर फसतात. आबांनी मोठ्या मुश्किलीनं होकार दिलाय. एक वर्ष बघू म्हणतात.

सोबत आईनं तुपाचा डबा पाठवला आहे.

तुमची भाची,
इन्साफ


कैरो
२ ऑक्टोबर १९८४

इन्साफ, सलाम.

पत्र मिळालं. डबाही मिळाला. वाटेत कोणीतरी त्यात दोन बोटं फिरवलेली दिसतात, पण आपल्या लोकांच्या हातून वस्तू आली की तेवढं चालायचंच.

मार्गदर्शन करा म्हणतेस. पोरी, अठ्ठावीस वर्षं झाली, दर ऑक्टोबरात मी तुझ्यासारख्यांना फाटकातून आत येताना बघतो. लांबून ओळखू येतात. नवी चप्पल, ती चावते म्हणून लंगडणं, बगलेत दाखल्यांची फाइल, आणि चेहऱ्यावर असा भाव की विद्यापीठ यांच्याच वाटेकडे डोळे लावून बसलं होतं. पहिल्या आठवड्यात पहिल्या बाकावर बसतात, दुसऱ्या महिन्यात शेवटच्या, आणि जुलैत कुठंच नाहीत. घरी मात्र बकरं कापून झालेलं असतं.

तरी विचारलंसच तर ऐक. शिकवणाऱ्या प्रत्येकाला "डॉक्टर" म्हण, त्याच्याकडे पदवी असो वा नसो. नसेल त्याला दोनदा म्हण. प्रत्येक डॉक्टरचं स्वतःचं एक पुस्तक असतं आणि शेवटच्या पानावर, ते विकत घेतल्याचा पुरावा म्हणून, फाडून द्यायची एक चिठ्ठी असते. पुस्तक वाच अगर त्यावर भाजी निवड, चिठ्ठी मात्र वेळेत त्याच्या टेबलावर गेली पाहिजे. वर्गात प्रश्न विचारू नकोस. बिचाऱ्याला उत्तर येत नसतं, आणि तो सूड परीक्षेत काढतो.

कैरोला मला भेटायला यायचा घाट घालू नकोस. माझं काम असं आहे की मान वर करायला सवड नसते. मोठमोठी माणसं दिवसातून दहादा माझ्या नावानं हाका मारतात. माझ्यावाचून इथली एक बैठक सुरू होत नाही.

आईला सलाम. तूप बरं होतं.

तुझा मामा,
दसूकी


अलेक्झांड्रिया, मुलींचं वसतिगृह
५ नोव्हेंबर १९८४

आदरणीय मामा,

सलाम. चिठ्ठ्या सगळ्या वेळेत दिल्या. चप्पल चावते हे तुम्हाला कैरोत बसून कसं कळलं कुणास ठाऊक.

इथली गंमत सांगते. आमच्यासाठी एक समिती आहे. तिचं नाव: "ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शिकलेले नाही अशा विद्यार्थिनींच्या उन्नतीसाठीची समिती." ते फलकावर मोठ्या अक्षरात लिहून फलक जेवणघराच्या दारात लावलाय, म्हणजे आमच्यातलं कोण आत जातंय ते बाकीच्यांना नीट दिसावं. समितीच्या प्रमुख डॉक्टर शुवेकारबाई. त्यांचे आजोबा पाशा होते. हे त्या स्वतःच सांगतात, दर गुरुवारी.

पहिल्या गुरुवारी त्यांनी आम्हाला काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवलं. ताटात काय होतं? उकडलेला एक बटाटा. माझ्या खोलीत राहणारी फौकिया तो हातानं मोडायला लागली तर बाई किंचाळल्या, "अगं, तो काय तुझ्या म्हशीचा चारा आहे?" फौकिया म्हणाली, "नाही बाई, म्हशीला आम्ही एवढा लहान तुकडा देत नाही." त्या दिवसापासून फौकियाच्या नावापुढं "उद्धट" असा शेरा आहे. दुसऱ्या गुरुवारी बाईंच्या मैत्रिणींचे जुने स्वेटर वाटले आणि आम्हाला ते घालून, उकाड्यात, फोटोसाठी उभं केलं. मला मिळालेल्या स्वेटरवर हरीण आहे. मला वाटतं हरणालाच माझी जास्त कीव आली असेल.

आता एक विचारायचं आहे. लिहितानाही संकोच वाटतो, पण तुमच्याशिवाय कुणाला विचारू? नोटीस लागली आहे की पहिल्या वर्षाच्या सर्वांनी विद्यार्थी रुग्णालयात जाऊन वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि कार्डावर शिक्का आणावा. मुली कुजबुजतात की कपडे काढायला लावतात, आणि नको ते तपासतात. गावी कळवलं तर आईनं उलट टपाली निरोप धाडला: "लग्न न झालेली पोर परक्या डॉक्टरसमोर निजली हे कफ्रमध्ये कळलं तर तुझे आबा कुणाची दाढी करणार? त्या दारात पाय ठेवशील तर मला आई म्हणू नकोस." शुवेकारबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "हा प्रशासनाचा विषय आहे. आम्ही मनाची जडणघडण बघतो."

तुम्ही अधिकारी आहात. गेलंच पाहिजे का? नाही गेलं तर काय होतं?

तुमची,
इन्साफ


कैरो
१८ नोव्हेंबर १९८४

इन्साफ, सलाम.

तुझी पाशाची नात वाचून करमणूक झाली. असली समिती आमच्याकडेही आहे. फरक एवढाच की इथं स्वेटरऐवजी कापड वाटतात, एकाच ताग्यातलं. मग आठवडाभर आवारात एकाच रंगाची तीस पोरं हिंडतात, आणि ती कोण ते कुणाला विचारावं लागत नाही. समितीची बैठक दर महिन्याला होते. पहिला तास बिस्किटं कुठून मागवायची यावर, दुसरा तास गेल्या वेळची बरी नव्हती यावर. एकदा एका प्राध्यापकानं विचारलं, "ही मुलं मध्येच सोडून का जातात, याचा अभ्यास करायला हवा." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि अभ्यासासाठी उपसमिती नेमली. त्या उपसमितीलाही बिस्किटं लागली.

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं आहेत ती. पण पोरी, तुमच्यासारख्या शेळ्यांचंही मला कौतुक वाटत नाही. हरणाचा स्वेटर घातलास ना? फोटोला उभी राहिलीस ना? मग तक्रार कसली करतेस. काटा डाव्या हातात धरायचा असतो, एवढं तरी त्या बाईकडून शिकून घे.

माझ्या मागे काम आहे. डीनच्या खोलीत पाहुणे आलेत.

दसूकी मामा


अलेक्झांड्रिया
१० फेब्रुवारी १९८५

आदरणीय मामा,

सलाम. तुमचं नोव्हेंबरातलं पत्र मी चारदा वाचलं. मला वाटलं एखादं पान वाटेत पडलं असेल. मी एक प्रश्न विचारला होता. तुम्ही बिस्किटांबद्दल लिहिलंत.

असो. तो प्रश्न मी माझ्यापुरता मार्गी लावला आहे, तुम्ही त्रास घेऊ नका.

सुट्टीत गावी गेले होते. तुमचं पत्र घरी मोठ्यानं वाचावं लागतं, कारण आई त्याची वाट बघत बसलेली असते. "डीनच्या खोलीत पाहुणे आलेत" हे ऐकून तिनं डोळे पुसले. शेजारच्या बायकांना बोलावून मला तेवढीच ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. पण मामा, खरं सांगू? तुमच्या दोन्ही पत्रांत मला उपयोगी पडेल असं चिठ्ठ्यांखेरीज काहीही नाही. हसवता छान. शुवेकारबाई निदान उकडलेला बटाटा तरी देतात.

घरची गोष्ट तुम्हाला माहीत असावी म्हणून लिहिते. आपल्या गावचा बदीर कुवेतहून परत आलाय. टेबलफॅन, टेप रेकॉर्डर आणि पोट एवढं घेऊन आलाय. त्याच्या आईनं माझ्यासाठी विचारलंय. मी आबांना म्हटलं, "आबा, तुम्ही शब्द दिला होता." आबा वस्तऱ्याला धार लावत होते. म्हणाले, "दिलाय. पहिल्या वर्षी पास झालीस तर चारही वर्षं शीक, बदीरच्या आईला मी सांभाळतो. नापास झालीस तर बदीर. मग माझ्यापुढं रडायचं नाही."

मी पास होणार आहे. प्राचीन इतिहासाच्या डॉक्टरांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला. स्वतःच्या नावानं वाचला, पण वाचला.

इन्साफ


कफ्र अबू-सुन्त
२२ जुलै १९८५

दसूकी मामांस,

तुम्ही बरोबर होता. तेवढं कळवायला हे पत्र.

गुरुवारी निकाल लागला. फलकावर बैठक क्रमांक असतात, नावं नसतात. माझा २११७. मी २११६ वाचला, तो फौकियाचा. मग २११८. पुन्हा वरून खाली वाचला, मग खालून वर. फौकिया म्हणाली, "थांब, मी बघते, तुझे डोळे फुटलेत." तिनं बोट लावून पाहिलं, तिलाही सापडला नाही. शेजारी शहरातल्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. शुवेकारबाई तिथूनच गेल्या. मला बघून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस. प्रत्येकाची झेप आपापल्या पंखांएवढी." मी संध्याकाळच्या गाडीनं घरी आले.

सगळे पेपर चांगले गेले होते, मामा. रोजे होते तरी एकही प्रश्न सोडला नाही. म्हणजे चांगलं काय असतं तेच मला कळत नव्हतं. जुलैत कुठंच नसतात म्हणाला होता, त्यातलीच मी.

आबा वस्तरा उचलून दुकानात निघून गेले. बदीरच्या घरची माणसं ८ ऑगस्टला, गुरुवारी, फातिहा वाचून शब्द पक्का करायला येणार आहेत. आईनं तुम्हालाही बोलवायला सांगितलंय. तुमच्यासारखा अधिकारी बैठकीत असला तर बदीरची माणसं जरा जपून राहतील असं तिला वाटतं. यायचं तर या.

इन्साफ


कैरो
२५ जुलै १९८५

इन्साफ,

पत्र हातात पडताच लिहितो आहे. हे सगळं वाचल्याशिवाय कुणाशी बोलू नकोस.

तुझं कार्ड काढ. वैद्यकीय तपासणीचा शिक्का त्यावर आहे का? नसणार. "मार्गी लावला" असं तू फेब्रुवारीत लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं की तू गेली नाहीस. मग ऐक: तू नापास झालेली नाहीस. नापास झालेल्यांची वेगळी यादी लागते, विषयांसकट. तुझा क्रमांक तिथंही नव्हता, पण तिथं बघायचं असतं हे तुला सांगणार कोण? ज्यांची तपासणी झाली नाही त्यांचा निकाल राखून ठेवतात. त्यांची तिसरी यादी असते, सगळ्या विद्यापीठांत रीत हीच. ती फलकावर लावत नाहीत, विद्यार्थी कचेरीच्या शेवटच्या खिडकीच्या आत भिंतीला चिकटवतात आणि वरून कॅलेंडर लोंबत असतं. विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही. आणि तुमची जात विचारायला लाजते.

मुदत पंधरा दिवसांची. तुझी १ ऑगस्टला संपते. तोवर शिक्का मारून कार्ड त्या खिडकीत दिलं तर निकाल मोकळा होतो. नाही दिलं तर वर्ष बुडतं आणि नाव पटावरून जातं. पुढं कितीही नाक घासलंस तरी येत नाही.

हे मला कसं ठाऊक असं तू विचारशील. अधिकारी आहेत म्हणून, असं आई म्हणेल. मी अधिकारी नाही.

मी चहावाला आहे. डीनच्या खोलीत पाहुणे येतात तेव्हा मी चहा घेऊन जातो. दिवसातून दहादा माझ्या नावानं हाका मारतात त्या चहासाठी. बैठक माझ्यावाचून सुरू होत नाही ती साखर पोचायची असते म्हणून. तुला लिहिलेला एकही शब्द खोटा नव्हता, आणि सगळं पत्रच खोटं होतं.

१९५५ साली मी इथं शिकायला आलो. तपासणीची नोटीस तेव्हाही लागली. आपल्याकडं कालव्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला असतं ते दुखणं मलाही होतं, लघवीतून रक्त जायचं. आमच्या गावाकडची पोरं म्हणाली, "रक्त सापडलं की नाव काढतात आणि घरी पाठवतात." गावानं माझ्यासाठी बकरं कापलं होतं. मी गेलो नाही. जुलैत फलकावर माझा क्रमांक नव्हता. मी तुझ्यासारखंच वरून खाली आणि खालून वर वाचलं. घरी जायची छाती झाली नाही. दरवान मितवल्लीला दया आली, त्यानं मला चुलीपाशी बसवलं. घरी कळवलं की विद्यापीठात नोकरी लागली. बाकीचं गावानं स्वतः रचलं.

चार वर्षांनी निकालाच्या जुन्या वह्या रद्दीत काढायच्या होत्या. त्या खाली आणायला मला सांगितलं. त्यातल्या एकीत माझं नाव होतं. सगळ्या विषयांत पास, श्रेणी "चांगला". पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: तपासणी नाही, निकाल राखून ठेवला. त्याच्या पुढं लाल शाईत: मुदत संपली, नाव कमी केले. मी ती वही बाकीच्यांबरोबर पोत्यात भरली, पोतं खाली नेलं आणि चहा टाकला. तीन कप, लेखापालाकडं.

तू नोव्हेंबरात विचारलंस, नाही गेलं तर काय होतं. ती ओळ मी दहा वेळा वाचली. उत्तर दोन ओळींचं होतं. मी बिस्किटांबद्दल लिहिलं. का, ते खरं सांगतो, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. मला कुणी सांगितलं नव्हतं. मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं, हिलाही कळू दे. उतारवयात माणूस इतका हलका होतो हे मला माहीत नव्हतं.

तपासणीत कपडे काढत नाहीत. मी इतकी वर्षं इथल्या तपासणीच्या डॉक्टरांना चहा देतो, मला ठाऊक आहे. आईला बरोबर घेऊन जा. तिला दारात नको, आत उभी कर. ती ऐकत नसेल तर सांग, दसूकीनं त्याच दाराच्या भीतीनं स्वतःचं वाटोळं केलं.

आधी जा, राग नंतर काढ.

दसूकी


कफ्र अबू-सुन्त
४ ऑगस्ट १९८५

मामा,

पत्र सोमवारी मिळालं. बुधवारी आईला घेऊन अलेक्झांड्रियाला गेले. आधी आबांसमोर बसून सांगितलं. आबा म्हणाले, "शब्द पास-नापासचा होता. राखून ठेवलेल्याबद्दल मी काही बोललो नव्हतो. जा." आई वाटभर कुरकुरत आली, पण आली.

रुग्णालयात डॉक्टर भोपळ्याच्या बिया सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "काही दुखतं का?" मी म्हटलं, "नाही." "चष्मा?" "नाही." "जीभ दाखव." दाखवली. त्यांनी शिक्का मारला. आई माझ्यापुढं हात पसरून उभी होती, कोंबडीनं पिलांपुढं उभं राहावं तशी. ती तिथंच उभी राहिली. म्हणाली, "झालं?" डॉक्टर म्हणाले, "झालं, आई." तेव्हा तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो रस्त्यापर्यंत. "जीभ! एवढ्यासाठी? हिची जीभ तर सगळा कफ्र रोज बघतो! एवढ्यासाठी मी पोरीला त्या ढेरपोट्याच्या गळ्यात बांधणार होते?"

शेवटच्या खिडकीत कारकुनानं कॅलेंडर उचललं. त्याखाली चौदा क्रमांक होते. २११७ तिसरा. श्रेणी "चांगला". बदीरच्या आईला आबांनी मला दिलेला शब्द सांगितला, ती मिठाईचा डबा उचलून गेली. आता चारही वर्षं शिकायचं असं घरात ठरलंय.

हे तुमच्यामुळं झालं, आणि ते मी विसरणार नाही. आता राग काढते, तुम्हीच परवानगी दिली आहे.

त्या चौदांपैकी मी एकटीच खिडकीपर्यंत पोचले होते. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी. बाकीचे तेरा जण कुठल्या कफ्रमध्ये, कुठल्या बदीरसमोर बसले असतील? शुवेकारबाईंना ती यादी ठाऊकच नव्हती. म्हणून त्या मूर्ख, आणि मी त्यांना मूर्ख म्हणून सोडून देते. तुम्हाला ठाऊक होतं. ती वही सापडल्यापासून पंचवीस वर्षं तुम्ही तुमच्याकडच्या फलकासमोरून चहा घेऊन जात होता. चप्पल चावणारी पोरं तिथं उभी राहून वरून खाली आणि खालून वर वाचत होती, आणि तुम्ही त्यांना लांबून ओळखत होता. लंगडणं दिसलं, फाइल दिसली, मला पत्रात लिहायला विनोद सुचले. त्यांतल्या किती जणांना तुम्ही सांगितलंत, की शेवटच्या खिडकीत जा?

चहावाले आहात याची मला लाज नाही. आबा न्हावी आहेत. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला हवं आहे.

आई तुम्हाला अजून अधिकारीच समजते. तुमचं पत्र मी ती पानं गाळून वाचलं. "दसूकीला हे सगळं कसं ठाऊक गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "मोठे अधिकारी आहेत ना."

इन्साफ


कैरो
१९ सप्टेंबर १९८५

इन्साफ, सलाम.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तर दोन शब्दांचं होतं म्हणून लिहिलं नाही. एकालाही नाही.

निमित्तं माझ्याकडं बरीच होती. चहावाल्याचं कोण ऐकतो, साहेब लोक रागावतील, माझं काय जातं. त्यातलं शेवटचं खरं. त्यांना बघून मला बरं वाटायचं. आपल्याएवढेच हे गाढव, असं म्हणत मी पुढं जायचो आणि दुपारचं जेवण गोड लागायचं. त्या पाशाच्या नातीची तू टवाळी केलीस तेव्हा मी हसलो, पण तिनं निदान कुणाचं पडणं बघत जेवण केलं नसेल.

परवा आमच्या फेरपरीक्षेच्या याद्या लागल्या. डीनच्या खोलीकडं पाच कप घेऊन निघालो होतो. फलकासमोर फयूमकडचा एक माणूस होता, गलाबिया घातलेला, आणि त्याची मुलगी. मुलगी फलकाला कपाळ टेकून उभी होती. बाप तिला म्हणत होता, "चल गं, गाडी चुकेल. चल, कुणी बघतंय." मी पुढं गेलो. दहा पावलं गेलो असेन. मग मागे फिरलो.

मी म्हटलं, "पोरी, तपासणीचा शिक्का घेतला होतास का?" तिनं माझ्याकडं बघितलं, मग कपांकडं. बाप म्हणाला, "बाबा, आम्हाला चहा नको. आमच्या घरी सुतक पडलंय." मी म्हटलं, "चहा तुला देतोय कोण? शिक्क्याचं विचारतोय." तो चिडला. "तू तुझं काम कर ना, शिकल्यासवरल्यांच्या गोष्टीत कशाला तोंड घालतोस?" मीही त्याच्या जागी हेच म्हटलं असतं, आणि याहून वाईट शब्दांत. मी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि मुलीच्या फाइलीला धरून तिला ओढत नेलं. बाप शिव्या देत मागे. कारकून लुत्फी म्हणाला, "दसूकी, वेडा झालास का? डीन कधीचा चहासाठी बोंबलतोय." मी म्हटलं, "बोंबलू दे. ते कॅलेंडर उचल." तो उचलेना. मग मीच हात घालून उचललं.

तिचा क्रमांक सातवा होता.

बापाला आधी समजेना. मग समजलं, आणि तो माझ्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला. मी हात काढून घेतला. त्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही इथले कोण अधिकारी?" मी सांगितलं, "अधिकारी नाही. चहावाला." तो हसला, त्याला वाटलं मोठी माणसं अशीच नम्र असतात. मग लुत्फीनं ओरडून सांगितलं तेव्हा त्याला पटलं.

डीननं थंड चहा प्यायला आणि माझ्या नावानं एक ताकीद लिहून ठेवली. एकोणतीस वर्षांतली पहिलीच. त्या यादीत अजून अकरा जण आहेत. मी त्यांचे क्रमांक उतरवून घेतले, आणि लुत्फीनं तोंड वाकडं करत नावं आणि गावं दिली. त्यांना पोस्टकार्डं टाकतो आहे. माझं अक्षर चांगलं आहे, एवढं तरी शिकलो होतो.

तुझ्या प्रश्नाच्या उत्तरात आता "एक" लिही. त्याच्यापुढं आकडा किती होतो ते मला ठाऊक नाही.

हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. शेजारच्या बायकांनाही बोलाव, नेहमी बोलावता तशा. काही गाळू नकोस.

दसूकी मामा